शाल पदकांवर घालू नका

प्रति,
गोव्यातल्या देवस्थान समित्या, ग्रामपंचायती, शाळांचे पालक-शिक्षक संघ, गावोगावची मंडळं आणि हातात माईक धरणारे माझे सूत्रसंचालक बांधव यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेली अठ्ठावीस वर्षं मी गोव्यात माईकसमोर उभा राहतोय. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे या तालुक्यांत माझ्या तोंडचं ‘रसिकहो’ ऐकलं नाही असे मंडप थोडेच. पेशाने शिक्षक होतो, आता निवृत्त. नाटकाच्या दोन अंकांमधला वेळ भरून काढणं हे माझं खरं काम. आपल्याकडे सत्कार तिथेच होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिला अंक संपतो, पडदा पडतो, आत दरबाराचं जंगल करायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात दहावीला पहिली आलेली मुलगी, देवळाला घंटा दिलेले महाजन, बदली झालेले तलाठी आणि गावचा निवृत्त फौजी अशा सगळ्यांना आम्ही उरकून घेतो.

19 डिसेंबर जवळ आला की फौजींची आठवण जरा जास्तच होते. मुक्तिदिन, त्यात जत्रांचा हंगाम. म्हणून हे पत्र आताच लिहितोय, तुमच्या निमंत्रणपत्रिका छापखान्यात जायच्या आधी.

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही, समितीतली मंडळी ओळखीची आहेत. पहिल्या अंकाचा पडदा पडत होता आणि कार्यकर्त्याने माझ्या हातात चिठ्ठी कोंबली. नाव, पुढे ‘एस. एम., व्ही. एस. एम. (निवृत्त)’. गृहस्थ कर्नल होते, शेजारच्याच वाड्यावरचे. नोकरीभर बाहेर राहिले, आता सकाळ-संध्याकाळ कुळागराला पाणी सोडत असतात. आद्याक्षरांचा अर्थ चिठ्ठीत नव्हता, विचारायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायची सवयही नव्हती. माईक हातात आला की जीभ आपली वाट आपण काढते. ‘एस. एम.’चं मी ‘शौर्य मेडल’ केलं, ‘व्ही. एस. एम.’चं ‘वीर शौर्य मेडल’. वर ‘कारगिलच्या रणधुमाळीत शत्रूला पाणी पाजणारे आपले सुपुत्र’ हेही चिकटवून दिलं. टाळ्या अशा पडल्या की बाहेर खाज्यांच्या दुकानावरची माणसं मान वळवून बघायला लागली.

कर्नल माझ्या कानाशी आले. व्ही. एस. एम. म्हणजे विशिष्ट सेवा मेडल, म्हणाले, पुढच्या चौक्यांवर रसद वेळेवर पोचवली म्हणून मिळालं. मग अगदी हळू, कोकणीत : “आनी मास्तर, कारगिलाच्या वेळार हांव पुण्यांत कोर्स करतालों.”

मी माईक खाली केला. पुन्हा वर घेऊन दुरुस्ती करायला हवी होती. केली नाही. जंगल तयार झालं होतं, तबलजी तबला ठोकून बघत होता.

इतक्यात अध्यक्षांनी शाल पांघरली. कर्नल कोट घालून आले होते. डाव्या खिशाच्या वर एका पट्टीत ओळीने पदकं लावलेली, प्रत्येकाची फीत वेगळी. ती आख्खी ओळ शालीखाली गेली. त्यावर हार, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात आमचं ते दोन फुटी सोनेरी स्मृतिचिन्ह. त्या रात्रीचा फोटो माझ्याकडे आहे. फोटोत एक म्हातारे गृहस्थ थंडी वाजत असल्यासारखे शाल लपेटून उभे आहेत. पदक एकही दिसत नाही.

त्या फोटोने मला बरंच शिकवलं. पुढचे महिनाभर मी वाचत बसलो. सैन्याची पदकं म्हणजे आपल्या शाळेच्या गॅदरिंगची ढाल नव्हे, प्रत्येकाला स्वतंत्र कारण असतं. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रं शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी. ती 26 जानेवारी 1950 रोजी जाहीर झाली, पण लागू धरली 15 ऑगस्ट 1947 पासून, त्यामुळे काश्मीरची पहिली लढाई त्यात आली. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रं शत्रूशी रणांगणावर गाठ नसताना दाखवलेल्या धैर्याची. अतिरेक्यांशी होणाऱ्या चकमकी बहुधा यांतच मोडतात. 1952 साली निघाली तेव्हा त्यांना अशोकचक्र वर्ग एक, दोन, तीन म्हणत, आजची नावं 1967 पासूनची. सेना पदक, म्हणजे चिठ्ठीतलं ते ‘एस. एम.’, 1960 सालचं. ते शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठ सेवेसाठीही, म्हणून नावापुढच्या कंसातला शब्द वाचायचा असतो. परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट ही सेवेची पदकं. आणि लढाईच्या काळात माणसं, रसद, बेत हे सगळं ज्याने नीट हाकलं त्याच्यासाठी 1980 पासून सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा अशी वेगळी मालिका आहे.

शत्रू नसताना कसलं धैर्य, असं कुणाला वाटत असेल तर त्याने दिवाडीचा धक्का आठवावा. ‘म्हादेई’ ही शिडाची बोट तिथे बांधली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीला वळसा घालून आले, त्यांना शौर्यचक्र मिळालं. मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकट्याने जाऊन आले, त्यांना कीर्तिचक्र. तिथे गोळी कुणी झाडत नव्हतं, दक्षिणेकडचा समुद्र तेवढा समोर होता. आपल्या गोव्यात बांधलेल्या एका होडीवर दोन चक्रं आहेत आणि आमच्या मंडपात मी ती कधी सांगितली नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हती.

आता भाषेचं. मास्तर आहे, बोलणारच. ‘परमवीर चक्र विजेते’ म्हणणं सोडा. विजेता खो-खोचा असतो. तिथे नियम असतात, शिट्टी असते, समोरचा संघ बक्षिसासाठीच आलेला असतो. पदकासाठी कुणी टेकडी चढत नाही. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, तोही देवळातला : मानकरी. पालखीला पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाण्याचा नारळ कुणाचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांभाळतो. मान मिळवायचा नसतो, तो येतो आणि मग सांभाळावा लागतो. वीरचक्राचे मानकरी म्हणा. ‘रिटायर्ड कर्नल’ही म्हणू नका. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. कर्नल अमुक, आणि मग कंसात निवृत्त.

स्मृतिचिन्हांबद्दल दोन शब्द बोललो तर म्हापशातले दुकानदार रागावतील, पण बोलतो. परमवीर चक्र केवढं असतं माहीत आहे? पस्तीस मिलिमीटर. जुन्या रुपयाहून जरासं मोठं, काशाचं, जांभळ्या फितीवर. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. त्याचं चित्र काढलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी फौजी घरातल्या. दधीचीने हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ही पुराणातली गोष्ट त्यांना आपल्या पुराणिकबुवांइतकीच ठाऊक होती. आजवर ते फक्त एकवीस जणांना मिळालं, त्यांतल्या चौदांना मरणोत्तर. देशातला शौर्याचा सगळ्यात मोठा मान मुठीत मावतो आणि आमच्या स्मृतिचिन्हासाठी गाडीची डिकी उघडावी लागते.

त्या एकवीसांतला एक माणूस आपला शेजारी आहे. पोळेची हद्द ओलांडली की कारवार, कारवारच्या पुढे चेंडिये. तिथले राम राघोबा राणे. कारवारच्या समुद्रावर जुनी युद्धनौका बघायला आपण मुलांच्या सहली नेतो, तिथेच त्यांचा पुतळा आहे. मुलं नौकेवर चढतात, पुतळ्याजवळ चप्पल काढून पाय झटकतात आणि बसमध्ये बसतात. मीही नेल्यात अशा चार सहली.

राणेंना परमवीर चक्र देताना सरकारने जी प्रशस्ती छापली, फौजी जिला सायटेशन म्हणतात, ती मी वाचली आणि अठ्ठावीस वर्षांच्या सूत्रसंचालनाची लाज वाटली. ते होते बॉम्बे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट. 1940 साली साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, अधिकारी झाले 15 डिसेंबर 1947 रोजी. म्हणजे एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा करायचं काम आलं तेव्हा खांद्यावरचा तारा चार महिन्यांचाही नव्हता. 8 एप्रिल, सकाळी अकरा. रणगाड्यांच्या जवळ सुरुंग काढणारी तुकडी थांबलेली असताना उखळी तोफांचा मारा आला. तुकडीतले दोन ठार, पाच जखमी, त्या पाचांत राणे स्वतः. तुकडीची जुळवाजुळव करून त्यांनी काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमाराला बरवाली टेकडी हाती आली, पण आसपासचा शत्रू हटलेला नव्हता. तरी रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत ते रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेसमोर राबले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा ते दुपारी तीन. मग पुढच्या गाडीत बसून अर्धा मैल जातात तोच रस्त्यात आडवी पाडलेली पाइनची झाडं. उतरले, सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे उडवलेली मोरी, वर मशीनगन. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती पेरलेले सुरुंग, आणि उजेड संपत आलेला. पथकप्रमुखानेच काम थांबवलं. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा त्याच झाडांशी, साडेसहाला वाट मोकळी. रणगाडे दुपारी दोनला चिंगासला पोचले. राणे मागच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत रस्ताच करत होते, न जेवता, न बसता. 11 तारखेला सकाळी सहापासून पुन्हा.

वाचताना मला हाताला घड्याळ बांधल्यासारखं झालं. विशेषणं त्या कागदातही आहेत, नाही असं नाही, पण माझ्या डोक्यात राहिली ती पाच झाडं आणि पहाटेचे पावणेपाच. रणगाड्याखाली सरपटत पुढे जायचं आणि दोरी ओढून चालकाला ‘चल’, ‘थांब’ सांगायचं, ही राणेंची हकिगत फौजी लोक सांगतात. ‘शूरवीर, रणमर्द, भारतमातेचा ढाण्या वाघ’ एवढं म्हणून मी असल्या माणसाला तीस सेकंदांत खाली बसवलं असतं.

हा कागद मिळवणं कठीण नाही. राजपत्रात छापलेल्या प्रशस्त्या संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. आणि माणूस हयात असेल तर त्याच्या कपाटात त्याची प्रत असतेच. मागायला हवी एवढंच.

नेतृत्वाचं मात्र असं घड्याळ लावून सांगता येत नाही, तिथे आपली जास्त फसगत होते. लेफ्टनंट जनरल वॉल्टर अँथनी गुस्ताव पिंटो घराण्याने गोव्याचे, जन्माने पुण्याचे. 1971 च्या डिसेंबरात बसंतर नदीच्या लढाईत 54 व्या पायदळ डिव्हिजनचे प्रमुख. त्यांच्या हाताखालच्या फौजेत पूना हॉर्सचे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल होते आणि ग्रेनेडियर्सचे मेजर होशियारसिंग होते. एकाच लढाईत दोन परमवीर चक्रं. पिंटोंना स्वतःला परम विशिष्ट सेवा पदक. आमच्या मंडपात ‘म्हणजे साहेबांना परमवीर नाही मिळालं का?’ असं कुणीतरी नक्की विचारील, चणे चघळत. काय उत्तर द्यायचं? पिंटोंचं काम होतं सुरुंगांतून वाट कुठे पाडायची, नदीपलीकडे किती माणसं आणि किती रणगाडे कधी न्यायचे हे ठरवायचं, आणि ठरवलेलं चुकलं असतं तर ते आपल्या माथ्यावर घ्यायचं. त्यासाठी तेव्हा वेगळी युद्ध सेवा मालिकाही नव्हती.

पणजीचंच बघा. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या 50 व्या पॅराशूट ब्रिगेडकडे 1961 साली उत्तरेकडून येण्याची दुय्यम कामगिरी होती, मुख्य फौज पूर्वेकडून यायची होती. पण मांडवी आधी गाठली सगतसिंगांच्या माणसांनी, आणि 19 तारखेला सकाळी ती पणजीत उतरली. पुढे 1967 साली सिक्कीमची नाथू ला खिंड, 1971 साली पूर्व बंगालमधली मेघना नदी, दोन्हीकडे हेच गृहस्थ. त्यांच्या नावापुढे परम विशिष्ट सेवा पदक आणि पद्मभूषण आहे, शौर्याचं चक्र एकही नाही. उलट बाजूला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा. सालाझारचा हुकूम शेवटपर्यंत लढायचा होता, त्यांनी शरणागती पत्करली आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या सैन्यातून काढून टाकलं. लिस्बनमध्ये 1974 ला क्रांती झाली, त्यानंतर परत घेतलं. त्या संध्याकाळी वाचलेल्या जिवांसाठी कुठल्याच देशाच्या यादीत पदक नाही, असं मला आपलं वाटतं. असो, विषय सोडून चाललो.

तर कर्नलांकडे मी माफी मागायला गेलो, फोटो बघून दोनेक महिन्यांनी. पडवीत बसवलं, चहा आला. प्रशस्ती बघायला मिळेल का, विचारलं. ते आत गेले आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक टंकलिखित कागद घेऊन आले. सेना पदक, शौर्यासाठी. एक पान, खालच्या कोपऱ्यात वाळवीने थोडं खाल्लेलं. रात्रीची वेळ, जंगलातली झोपडी, अंतर मीटरमध्ये. प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘हे अधिकारी’. आणि समासात पेन्सिलीने, त्यांच्या हातची, दोन नावं. एक त्यांचा रेडिओवाला. दुसरा सगळ्यांच्या पुढे चालणारा शिपाई. तो त्या रात्री परत आला नाही.

“कागद माझ्या एकट्यावर निघाला,” ते म्हणाले. “मी फक्त पुढे चला म्हटलं. पुढे गेले ते हे दोघे. पदक घेतलं, नको म्हणायची पद्धत नाही. मग नावं लिहून ठेवली.”

पेन्सिल दरवर्षी पुसट होते, म्हणून ते ती पुन्हा गिरवतात. अक्षरांच्या कडा त्यामुळे जाड झाल्यात. नावं मी इथे लिहीत नाही, छापण्याबद्दल त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. फौजीचा सत्कार ठरवलात तर पंधरा दिवस आधी त्याच्या घरी जा. पदकं कुठली, कशाबद्दल, कंसात काय, हे त्याच्याच तोंडून लिहून घ्या. प्रशस्तीची प्रत मागा आणि माईकवाल्याला द्या, विशेषणांची चिठ्ठी नको. बरोबर कोण होतं तेही विचारा. शाल घडी करून हातात द्या. हार नकोच. काणकोणच्या मंडळांना आणखी एक : 1961 साली अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले, आणि ते बेट तुमच्याच समोर आहे. आग्वादला मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल पडले, ते कांदोळीच्या मंडळींनी घ्यावं. पाहुण्यांच्या स्वागताला आपण पंधरा मिनिटं घालवतो. सात नावं वाचायला एक मिनिट पुरतं, मी घरी मोजून बघितलंय.

यंदा एका दुसऱ्या समितीने त्याच कर्नलांना बोलावलंय, आणि माईक माझ्याकडे आहे. ते आधी नाहीच म्हणत होते. मग दोन अटींवर तयार झाले : सत्कार पहिल्या अंकाच्या आधी, कारण दहानंतर त्यांना बसवत नाही, आणि ती दोन नावं त्यांच्या नावाच्या आधी. शिपायाच्या घरी त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, म्हातारी आई हो म्हणाली. समितीच्या अध्यक्षांना या दोन्ही अटी मी याच पत्राने कळवतोय, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

त्या शिपायाचं नाव ईशान्येकडचं आहे. उच्चार मी कर्नलांकडून तीन वेळा म्हणून घेतला, तरी मधल्या जोडाक्षरावर जीभ अडते. रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की पडवीत तेच म्हणत बसतो. परवा बायकोने आतून विचारलं, कुठल्या देवाचं स्तोत्र चाललंय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि सूत्रसंचालक
डिचोली, गोवा